पातेल्यातली शाळा

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्या थोरल्याला मिसरूड फुटली नव्हती, आणि आता त्याच्या डोक्यावर केस उरले नाहीत. म्हणजे पत्राला उशीर झाला आहे. पण मला लिहिता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक, तेव्हा उशिराबद्दल बोलू नका. आज माझी सून लिहून घेते आहे. लिहून म्हणजे फोनवर, एका अंगठ्यानं. मी जन्मभर अंगठा उठवत आले आणि हीसुद्धा अंगठ्यानंच लिहिते, तरी तिला शिकलेली म्हणतात आणि मला अडाणी. मी ‘न्हाई’ म्हणते तिथं ही ‘नाही’ लिहिते. म्हटलं, मी बोलते तसंच लिही की. तर म्हणाली, "आई, बाईंना शुद्ध लागायचं असं तुम्हीच सांगता ना?" मग म्हटलं, लिही तुझ्या मनासारखं, पण कोण काय बोललं ते जसंच्या तसं, आणि गाळायचं मात्र काही नाही. कबूल झाली आहे.

बुधवारची दुपार आठवते. रेल्वेच्या चाळीतलं माझं स्वयंपाकघर, चुलीवर तवा, दाराशी तुमची काळी छत्री टेकलेली. चर्चच्या मंडळीतल्या बायकांना शास्त्र शिकवायचं काम तुमच्याकडं होतं, आणि आमच्यातल्या एकीलाही वाचता येत नव्हतं. म्हणून तुम्ही बायबलातली एक ओळ वाचायची आणि आम्ही ती मागून म्हणायची, तांदूळ निवडता निवडता. मी तेव्हा मावळातल्या खेड्यातनं नुकती लग्न होऊन लोणावळ्यात आलेली. मी काय करायची, बाकीच्या म्हणायला लागल्या की नुसते ओठ हलवायची. वाटायचं, एवढ्या घोळक्यात कोणाला कळतंय. एके दिवशी तुम्ही पुस्तक मिटलंत. "सगळ्यांचा आवाज आला, एकीचा नाही आला," म्हणालात, आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. "ती आता एकटी म्हणेल." तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर डोळ्यांत गेला, मी उठायला बघते तर तुम्ही हातानंच खाली बसवलंत. ओळ पुरी झाली तेव्हा म्हणालात, "आता उलट ती भाकरी." करपलेली भाकरी तुम्हीच खाल्लीत, तेवढं मात्र मान्य करते. पण तुमच्या कानांचं मला लय भय वाटायचं.

मग तुम्ही पाटी आणलीत. मी ती पोराला खेळायला दिली. दुसरी आणलीत, तिच्यावर मी लसूण सोलला. तिसरी तुम्ही आणली नाहीत. त्याऐवजी एका रविवारी कापडी फळा घेऊन आलात. लाकडाच्या चौकटीवर हिरवं मऊ कापड ताणलेलं, आणि सोबत पुठ्ठ्याची चित्रं. मेंढरं, मासे, होडी, उंट, काठी घेतलेला मेंढपाळ. चित्रांच्या मागं खरखरीत कागद लावलेला, म्हणजे कापडावर दाबलं की चित्र तिथंच चिकटून राहायचं. "अक्षरं नकोत तर नकोत, चित्रं घे," म्हणालात. "माझा घसा बसलाय. लहान मुलांचा रविवारचा वर्ग आता तू चालव." मी घाबरले, पण तुमच्यापुढं नाही म्हणायची छाती कोणाची होती? मी तुम्हाला ज्येष्ठमध आणून दिला. त्याच नाताळात मंडळी गाणी म्हणत घरोघर फिरली, तेव्हा तुमचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू येत होता. मला वाटलं, ज्येष्ठमधाचा गुण.

तेव्हापासून वर्ग माझा. मी शिकवलेल्यांतले काही जण आता आजोबा झालेत. फळा अजून आहे, कापड दोनदा बदललं. उंट मात्र एका पोरानं घरी नेला तो परत आला नाही, म्हणून आमच्याकडं नाताळात बाळ येशूला बघायला पूर्वेकडचे ज्ञानी लोक पायीच येतात.

आता इकडची खबर सांगते. रविवारी लोणावळ्यात चालायला जागा नसते. मुंबई-पुण्याच्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या असतात, आणि आपली निम्मी मंडळी नेमकी त्याच दिवशी कामावर असते. कोणी चिक्कीच्या दुकानात, कोणी तुंगार्लीच्या बंगल्यावर स्वयंपाकाला, कोणी टॅक्सीवर. तरणी जोडपी तळेगावला राहायला गेली, त्यांच्या मागं कारखान्याच्या पाळ्या. उपासनेला उरलो आम्ही म्हातारे आणि बाकं. नवे पाळक आलेत, तरुण आहेत, मोटरसायकलवरनं येतात. त्यांनी यंदा पावसाळा संपता संपता उपासनेनंतर सांगितलं की शास्त्राचा अभ्यास आता फोनवर होणार. ज्याला जेव्हा सवड, तेव्हा त्यानं धडा ऐकायचा, शेवटी प्रश्न येतील त्यांची उत्तरं द्यायची. आपले रेल्वेतनं रिटायर झालेले गार्डमामा उठले आणि म्हणाले, "आधी पत्रा गळतोय त्याचं बघा पास्टर, मग फोनचं." पाळक म्हणाले, "मामा, पत्र्याला पैसे लागतात, हे फुकट आहे." सगळे हसले, मामाही हसले. मग पाळक म्हणाले, "आणखी एक. मुलांचा वर्ग घेणाऱ्यांनी हा अभ्यास नाताळच्या आधी पूर्ण केलाच पाहिजे. ज्याचं नाव पूर्ण झालेल्यांत येईल, त्यालाच वर्ग. वरून तसं ठरलंय." तेव्हा कोणी हसलं नाही. सगळी मंडळी वळून माझ्याकडं बघायला लागली, आणि मी पंख्याकडं.

घरी आल्यावर मी सुनेला म्हटलं, "वर्ग ग्येला तर रविवारी मी काय करू? चिक्की इकू?" ती म्हणाली, "आई, फोनमधली बाई वाचून दाखवते, आपण नुसतं ऐकायचं. बघू तर खरं." बघायला बुधवारी सगळ्याच आल्या. प्रार्थनेला जमणाऱ्या आम्ही बायका, तेच स्वयंपाकघर, फक्त चुलीच्या जागी गॅस. फोन एकच, सुनेचा. आवाज बारीक येत होता, म्हणून तो रिकाम्या पातेल्यात उभा केला. काय घुमला म्हणता! आम्ही डोक्यावर पदर घेऊन पातेल्याभोवती बसलो. बाहेरच्या कोणी बघितलं असतं तर म्हणाला असता, ख्रिस्ती बायकांनी ही कसली नवी पूजा काढली.

धडा संपला की प्रश्न यायचा आणि खाली चार उत्तरं. मग आमची मतं सुरू. "दुसरं दाब ग!" "न्हाई, तिसरं!" गार्डमामांची बायको, तिला आम्ही गार्डीणबाई म्हणतो, ती सगळ्यांत मोठ्यानं सांगायची, म्हणून तिचंच उत्तर ठरायचं. सून मान हलवायची आणि पातेल्यात हात घालून दाबायची. एकदा धड्याच्या शेवटी फोनमधल्या बाईनं प्रार्थना केली. तिची लवकर संपली, पण आमची कुठं संपते? एकेकीनं आजारी माणसांची आठवण केली, पोरांच्या नोकऱ्यांची केली, पत्र्याची केली. डोळे उघडले तर फोननं आपणहून पुढचा धडा चालू करून संपवलासुद्धा होता. त्या धड्यात काय होतं ते आम्हा म्हाताऱ्यांपैकी कोणालाच अजून माहीत नाही.

एक सांगते, रागावू नका. ती फोनमधली बाई तुमच्यापेक्षा छान वाचते. खोकत नाही. तीच ओळ दहादा ऐकवा, कपाळाला आठी नाही. मला फार आवडली. पण कोण नुसते ओठ हलवतंय ते काही तिला कळत नाही.

सगळे धडे झाले आणि पाळक चहाला आले. बायकाही होत्या. ते सुनेला म्हणाले, "अभिनंदन! अभ्यास पूर्ण, आणि एकही उत्तर चुकलं नाही." मी म्हटलं, "आन माजं?" त्यांनी फोन खालीवर केला, कप खाली ठेवला. "आजी, तुमचं नाव ह्यात कुठंच नाही. कोणाचंच नाही. एकच नाव आहे, ह्यांचं."

"आसं कसं? आमी समद्या हितंच बसलो हुतो की."

"फोनला एकच माणूस दिसलं, आजी. प्रत्येकीनं आपापल्या नावानं करायचं असतं."

"मंग आमी काय पातेली हुतो का?" गार्डीणबाई म्हणाल्या.

हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, बाई. आमच्याकडं प्रार्थनेला चटई एक, चहाचं भांडं एक, तुमच्या वेळी शास्त्राचं पुस्तकही एकच होतं. मग शिकणं तेवढं वेगवेगळं कशाला लागेल? पण मला आणखी एक गोष्ट टोचत होती. गार्डीणबाईंचं उत्तर दर वेळी ठरायचं, आणि त्या शास्त्रात किती पक्क्या आहेत ते मंडळीला माहीत आहे. तरी एकही चुकलं नाही? मी सुनेकडं बघितलं. ती कपबश्या गोळा करायला लागली. म्हणजे आम्ही मतं देत होतो आणि ही मान हलवून गुपचूप बरोबर तेच दाबत होती.

पाळक चांगला माणूस आहे. म्हणाले, "आजी, तुमचा वर्ग कोणी काढून घेत नाही. तुम्ही परत एकदा करा, एकट्या. मी प्रश्न वाचतो, तुम्ही तोंडानं सांगा, मी दाबतो. नाताळला अजून वेळ आहे. तोवर वर्ग ह्या बघतील." सून म्हणाली, "नको, नको. वर्ग आईंचा आहे." मी म्हटलं, "दोन-चार रविवारांचं तर हाय, घे. मी मागं बसते राखणीला."

तर त्या रविवारी मी मागच्या बुटक्या बाकावर बसले आहे. सून फळा मांडते. हरवलेल्या मेंढराची गोष्ट. मेंढपाळ बाकीची मेंढरं तिथंच सोडून एकाला शोधायला निघतो, आणि एक चिमुरडी विचारते, "टीचर, मग बाकीच्यांना बिबट्या नाही का खाणार?" हा प्रश्न मला नवा नाही. आपल्या ह्या डोंगरात दर पिढीचं एक पोर तो विचारतं. मी म्हणायची, "बिबट्याचा त्या दिशी उपास हुता. चला, वचन म्हना." पोरं हसायची, वर्ग पुढं जायचा. सुनेनं तसं केलं नाही. ती खाली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "खरंच ग. तुम्ही मेंढपाळ असता तर काय केलं असतं?" एक म्हणाला कुत्रा ठेवला असता. एक म्हणाली शेजारच्याला सांगून गेले असते. टॅक्सीवाल्याचा पोरगा, जो माझ्या वर्गात वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, "मी सगळ्यांना बरोबर घेऊन शोधायला गेलो असतो." सुनेनं सगळी मेंढरं उचलून मेंढपाळाच्या मागं ओळीनं चिकटवली.

मग वचन म्हणायची वेळ आली. पोरं ओरडून म्हणत होती, तो पोरगा ओठ हलवत होता. सून उठून त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि हळूच त्याच्याबरोबर म्हणायला लागली, त्याचा आवाज येईपर्यंत. तुमची भाकरीची गोष्ट मी हिला कधी सांगितली नव्हती, माझीच फजिती झाली असती ना. इतकी वर्षं मी वर्ग घेतला, पण ओठ हलवणारी पोरं मला कधी ऐकू आली नाहीत. कशी येणार? सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणत होते.

मंगळवारी पाळक फोन घेऊन माझ्यासमोर बसले, पहिला प्रश्न वाचणार एवढ्यात मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. माजे गुडघे लय दुखत्यात. पोरांसंगं उठबस आता व्हत न्हाई. वर्ग हिलाच द्या." पाळकांनी तिथंच गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. तेव्हापासून दर रविवारी अख्खी मंडळी माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करते आहे, आणि मी सगळ्यांच्या आधी आमेन म्हणते. गार्डीणबाईंनी निर्गुडीचा पाला आणून दिला. सून रोज दिवेलागणीला कोमट तेल चोळते. कापडी फळा आता हिच्या खोलीत असतो. हिनं पुठ्ठा कापून नवा उंट केलाय. गाढवासारखा दिसतो, पण चालेल.

म्हणून हे पत्र, बाई. एवढंच विचारायचं होतं, तुमचा घसा खरंच बसला होता का? मी इतकी वर्षं ज्येष्ठमधाला श्रेय देत बसले. परवा तेल चोळून घेताना एकदम ते नाताळचं गाणं कानात आलं, आणि मी अशी हसले की हिला वाटलं गुदगुल्या झाल्या.

उत्तर येणार नाही हे मला कळतं. हे पाठवायचं तरी कुठं? ह्या फोनमध्येच पडून राहील. तेव्हा तुम्हाला म्हणून सांगते, माझे गुडघे ठणठणीत आहेत. कालच मी हिला न सांगता तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत चालत जाऊन आले.

हिचा अंगठा थांबलाय. अगं, लिही. गाळायचं नाही असं ठरलं होतं आपलं. आणि अशी बघू नकोस माझ्याकडं. तेल मात्र बंद करू नकोस, तेवढं बरं वाटतं.