वस्तादांचा डावा हात

ता. ४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, चष्मा पुसून वाचा. तुमच्या जुन्या जहाजावर आता जीव रमलाय. काम तुमच्या वेळचंच. लढाऊ जहाज शेजारून पळतं, मधे दोर ताणायचा आणि पिठाची पोती, तेलाची नळी, टपाल पलीकडे सोडायचं. थांबायचं नाही. मला कुठं एका जागी बसवतं, म्हणून बरंय.

मंगळवारी मात्र चुकलो. ओला दोर निसटत होता, म्हणून हाताला दोन वेढे दिले. आमचे वस्ताद, म्हणजे नव्या पोरांना दोरकाम शिकवणारे म्हातारे, असे खेकसले की वेढे आपोआप सुटले. मग कोठारात नेऊन त्यांनी डावा हात पुढे केला. तीनच बोटं. म्हणाले, वीस वर्षांपूर्वी माझ्या मित्रानं हेच केलं. त्याचा हात कप्पीत चालला होता, तो सोडवताना माझी दोन गेली. मित्राचं नाव विचारलं, तर तुमचं निघालं.

जहाजाच्या इतक्या गोष्टी सांगितल्यात, ही कधीच कशी नाही? वस्ताद महिनाअखेर निवृत्त होताहेत. २९ तारखेला बंदराला लागू, घरच्यांना वर येऊ देतात. याल का?

आहे तो लोभ वाढवा, कान उपटायचे ते भेटीत उपटा.
तुमचा भाचा

ता. १२ जानेवारी

चि. भाच्यास अ. आ.

पत्र पोचलं. मी येणार नाही. त्याची बोटं माझ्यामुळे गेली आणि मी दवाखान्यात साधा भेटलोही नाही. दारापर्यंत गेलो नि माघारी फिरलो. पुढे नोकरीच सोडली. तुझ्या मामीला वाटतं, मला समुद्र लागायचा. आता कोणत्या तोंडानं जाऊ? त्याला माझ्याबद्दल काही बोलू नकोस.

मामी विचारते, वेळेवर जेवतोस का. तेवढं तरी कळव.
मामा

ता. १९ जानेवारी

ती. मामांस शि. सा. न.

जेवतो. पण रागावू नका, तुमचं पत्र यायच्या आधीच मी सांगून बसलो होतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

वस्ताद पोत्यावर खालीच बसले. मग विचारलं, तो अजून रागावलाय का. मला कळेना, तुम्ही कशाला रागवाल. तर म्हणे त्या दिवशी कळवळून त्यांनी सगळ्यांदेखत तुमच्या थोबाडीत मारली होती. माफी मागायची म्हणून दवाखान्यात रोज दाराकडे बघायचे. तुम्ही आला नाहीत, तेव्हा समजले की तुम्हाला अपमान लागला. पुढे दोनदा पत्र लिहिलं नि फाडलं.

दोघं एवढे वडीलधारे, आणि अक्कल मला शिकवता. मी शिडीपाशी उभा असेन.

माया असू द्या.
तुमचा भाचा

ता. २५ जानेवारी

चि. भाच्यास अ. आ.

थोबाडीत मारलेली माझ्या ध्यानातही नव्हती. त्या दिवसाचं मला फक्त रक्त आठवतं.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं आणि बाकीचंही सांगून टाकलं. तिनं माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि उठून पिशवी भरायला घेतली. तीही येतेय.

२९ला सकाळच्या गाडीनं पोचतो. तू फक्त एवढं कर, माफी आधी मी मागणार आहे. तोवर त्याला तोंड उघडू देऊ नकोस.

मामा