पोट आत

सर, तुम्ही मला पोट आत घ्यायला शिकवलंत, आणि आता ते बाहेर कसं सोडायचं हे शिकायला मला पैसे मोजावे लागतायत. कंबर दुखते म्हणून गेले काही महिने मी नदीपलीकडे, नव्या जालन्यात, एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जाते. माझ्या मुलीच्या वयाची आहे. मला चटईवर उताणं झोपवते, गुडघे दुमडायला लावते, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगते. "काकू, नाकानं श्वास घ्या आणि पोट वर येऊ द्या." मी श्वास घेते. छाती हनुवटीपर्यंत येते आणि पोट पाठीला जाऊन चिकटतं. "उलटं होतंय काकू. पुन्हा." पुन्हा तेच. एकदा ती दमून म्हणाली, "अहो, हे तान्ह्या बाळालासुद्धा येतं. तुम्हालाही येत होतंच की कधीतरी, तुम्ही विसरलात." मी विसरलेले नाही. माझं ते घालवलं गेलं, आणि कुणी घालवलं हे मला चांगलं माहीत आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, तेव्हा आडपडदा न ठेवता लिहिते.

तीर्थपुरीच्या शाळेचं मैदान आठवा. मी आठवीत, अंगानं भरलेली, आवाज खणखणीत, म्हणून तुम्ही मला लेझमीच्या पथकात पुढं उभं केलं होतं. मला कोण आनंद झाला होता. पहिल्याच सरावाला तुम्ही माझ्यासमोर येऊन थांबलात, गळ्यातली शिट्टी हातात घेतलीत आणि तिचं टोक माझ्या पोटाला लावलंत. "छाती पुढं, पोट आत. दम धर. पोट सुटलेली पोरगी पुढं चालली तर लोक झेंड्याकडं बघतील का तुझ्याकडं?" मागच्या सगळ्या पोरी हसल्या. मी पोट आत घेतलं. सर, ते तेव्हा जे आत गेलं ते गेलंच. मला बघायला आले तेव्हा आत, लग्नात आत, दोन बाळंतपणांनंतर तर आणखीनच आत. आणि तुमचं ते 'दम धर'. सगळी दुनिया दम धर म्हणते तेव्हा तिला 'थांब जरा' म्हणायचं असतं. मी मात्र खरोखरच श्वास कोंडला. आजही साड्यांचा गठ्ठा उचलायचा तर मी श्वास धरते, जिना उतरायचा तर धरते, गिऱ्हाईक भाव ऐकून गप्प बसलं तरी धरते. मॅडम म्हणते, कंबरेवर सगळा ताण तिथूनच येतो. तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तुमच्यासमोर तोंड कुणी उघडलं असतं.

माझं सासर जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत. आमचं साड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून गादीवर मी बसते. पांढरी चादर घातलेली जुनी गादी, समोर बायका येऊन बसतात, मी मांडी घालून बसल्या जागी मागं वळून फळीवरची साडी ओढते, फरकन उलगडते, नाही पटली की घडी घालते, दुसरी ओढते. असं दिवसभर. आधी उसण भरायची आणि जायची, मग ती राहायलाच आली. गल्लीत ज्याला त्याला माझ्या मणक्यात गॅप दिसतो. कुणी तेल दिलं, कुणी पट्टा आणायला सांगितला. तो पट्टा मी पदराखाली लपवून बांधते. मुलगा मात्र एकच गोष्ट धरून बसलाय. "आई, किती डाव सांगून राह्यलो, गादी काढून टाकू. काचेचं काउंटर करू, पोरं ठेवू दाखवायला. तू खुर्ची टाकून बस दाराशी आरामात." पोरगा वाईट नाही, माझं बघवत नाही म्हणून म्हणतो. पण दाराशी खुर्चीवर बसलेली म्हातारी काय करते? चहा पिते आणि आल्यागेल्याला या म्हणते. बाई कोणता रंग घेणार हे ती चप्पल काढायच्या आत मला कळतं, ते त्या खुर्चीवर बसून काय कामाचं? मला ती खुर्ची नको आहे. त्यानं काउंटरवाल्याला माप घ्यायलासुद्धा बोलावून ठेवलंय. लगीनसराईच्या आत मला गादीवर नीट उठबस करता आली नाही, तर गादी जाणार.

म्हणून मी व्यायाम करत होते, आणि व्यायाम मला येत नव्हता. फुंकर घालत श्वास सोडायचा आणि तेव्हा खालचं पोट हलकेच आवळायचं. हलकेच म्हणजे काय ते मला कळेना. मी आपली परेडला उभी असल्यासारखी पोट खेचायची आणि श्वास कोंडायची. "ओढू नका काकू, आवळा. आणि श्वास चालू ठेवा." मग हातागुडघ्यांवर ओणवं व्हायचं, एक हात पुढं आणि उलट्या बाजूचा पाय मागं ताणायचा. त्यातही मी दम धरायची आणि कलंडायची. घरी दार लावून करताना रडकुंडीला यायची. ज्या पोरीची ऐट बघायला गाव मैदानाच्या कडेला जमायचं तिला साधा श्वास घेता येऊ नये, याचा मला इतका संताप यायचा की तेवढ्यानं कंबर आणखी धरायची.

मग एके दिवशी मॅडमनं खुर्ची आणली. पाठ चटईवर, पोटऱ्या खुर्चीवर, हात पोटावर. मी तशी झोपले आणि एकदम आठवलं. हे मी पाहिलेलं आहे. सव्वीस जानेवारीच्या आधीची रंगीत तालीम होती. मी लेझमा न्यायला खेळाच्या खोलीत शिरले तर तुम्ही सतरंजीवर उताणे, पोटऱ्या खुर्चीवर, शर्टाची बटणं उघडी, शेजारी कंबरेचा रुंद पट्टा काढून ठेवलेला. डोळे मिटलेले. तुम्हालाही पोट आहे हे मला तेव्हा कळलं. चांगलं मोठं पोट होतं, आणि ते सावकाश वर येत होतं, खाली जात होतं. श्वास सोडताना तुम्ही हळू आवाजात, लांबवत, स्वतःलाच हुकूम देत होतात. "विश्रा...म." मग तुम्ही डोळे उघडलेत. "बाहेर हो," म्हणालात, आणि मी वळले तेव्हा अगदी वेगळ्या आवाजात, "कुणाला सांगू नको." थोड्या वेळानं तुम्ही मैदानावर होतात, पट्टा बांधून, ताठ. आणि मला म्हणालात, पोट आत.

म्हणजे तुम्हाला येत होतं. कुणीतरी तुम्हाला शिकवलं होतं, एखाद्या डॉक्टरनं, मला काय माहीत. दाराआड तुम्ही पोट सैल सोडत होतात आणि आम्हाला बाहेर ते कोंडायला लावत होतात. का? एक शब्द आम्हाला सांगितला असता तर काय गेलं असतं? तुम्ही गेल्याचं मला गिऱ्हाइकाकडून कळलं. तीर्थपुरीची बाई होती, साडीचा काठ बघता बघता म्हणाली, "ते पीटीचे सर वारले की. लई दिवस पडून होते, कंबर पार गेल्ती त्यांची." मी तिला दुसरी साडी दाखवली. कंबर धरलेल्या पीटीच्या मास्तराला गाव हसलं असतं, हे मला कळतं. मीही पदराखाली पट्टा बांधतेच ना. पण कळतं म्हणून राग जात नाही, सर. उलट कळल्यावर जास्तच येतो.

त्या दिवशी खुर्चीवर पाय टाकून मी पडून होते, मॅडम शेजारी बसून आकडे मोजत होती, आणि पोट दगडासारखं घट्ट. मग मी मनातल्या मनात म्हटलं, तुमच्याच आवाजात, तसंच लांबवत. विश्रा...म. आणि हात वर उचलला गेला. पोटानं उचलला. पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. "आलं की काकू," मॅडम म्हणाली, "मी म्हणलं नव्हतं, मोजत राहिलं की येतं." मला रडू आलं. ते सुख झालं म्हणून आलं आणि चीड आली म्हणूनही आलं. माझंच पोट, आणि ते सोडायला अजून तुमचा हुकूम लागतो.

काल धावड्याहून लग्नाचा बस्ता बांधायला एक घर आलं होतं. नवरीची आई, मावशी, दोन काकू. मी गादीवर बसले. मुलगा दाराशी उभा राहून बघत होता, माप घेणाऱ्याचा फोन आला तर घेता यावा म्हणून मोबाईल हातातच. मी कंबरेतून न वळता गुडघ्यांसकट वळत होते, गठ्ठा उचलताना फुंकर घालत होते. नवरीच्या आईनं विचारलंसुद्धा, "गरम हाय का काई साडी?" सगळं आटोपल्यावर फळीचा आधार न घेता उठले. मुलगा जवळ आला. "दुखलं न्हाई?" "दुखलं," मी म्हटलं. "मंग?" "मंग काय. त्या काउंटरवाल्याला म्हणावं, लगीनसराई झाल्यावर ये." त्यानं मोबाईल खिशात टाकला.

कंबर अजून दुखते, मॅडमही पूर्ण थांबेल असं म्हणत नाही. तिथं येणाऱ्या दुसऱ्या बायकांना ती माझं उदाहरण देते, मोजून श्वास घ्या, काकूंना बघा कसं जमलं. मी पडल्या पडल्या ओठातल्या ओठात काय पुटपुटते, असं तिनं परवा विचारलं. देवाचं नाव घेते, असं मी सांगितलं. कुणाला सांगू नको म्हणाला होतात ना.