वजन बरोबर होतं

दिलसुखनगर, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२५

चि. कुलदीप यास त्रिवेणीताईचे अनेक आशीर्वाद.

दिलसुखनगरहून सिकंदराबादला पत्र टाकायचं म्हणजे पोस्टमनही हसेल. पण तू फोन उचलत नाहीस, तर करू काय? इकडे सगळे ठीक आहोत. आईचे गुडघे तसेच. तुझ्या भाचीचे, सायलीचे, क्लास चालू आहेत.

भाऊबीजेला तुझी वाट पाहिली आणि शेवटी गॅलरीतून चंद्राला ओवाळलं. आई म्हणाली, भाऊ एका गावात असताना चंद्राला ओवाळायची पाळी कुणावर येऊ नये. तुझ्यासाठी नवा करदोडा तिनं आणवून ठेवलाय. तुझे दाजी बेगम बाजारला गेले होते, त्यांच्याकडून.

अण्णांचा करदोडा ती दर दिवाळीला बदलायची, आठवतं? जुना कापून नव्याशी मोजायची आणि नवा लांब लागला की खूश. खाल्लेलं अंगी लागतंय, म्हणायची. हातपाय काटक्या आणि पोट तेवढं नगारा. आपणही हसायचो.

त्यांच्या वर्षश्राद्धाला मी एवढंच म्हटलं, की डॉक्टरांच्या मते अण्णांना त्या पोटानं नेलं. तू भरल्या ताटावरून उठलास. "मेलेल्या बापाचं खाणं काढतेस? माझंही पोट आहे, पण वजन काट्यावर बरोबर आहे." अरे, वजन अण्णांचंही बरोबर होतं. चरबी मांड्यांवर, दंडांवर असती तर एवढं बिघडलं नसतं. ती पोटात, आतड्यांभोवती, यकृतात साचली की साखर वाढते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या नळ्या बुजायला लागतात.

एवढं मला कुठून कळलं, ते सांगायचं टाळत होते. दसऱ्यानंतर एकदा छातीत जळजळ झाली, घाम फुटला. पित्त समजून सोडा प्यायले आणि स्वयंपाकाला लागले. तो अटॅक होता.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी कमरेला टेप लावली. म्हणाल्या, "वजन तो बरोबर है अम्मा, पूरा पेट में बैठा है."

तुम्हा पुरुषांचा करदोडा आखूड पडला की घरभर कळायचं. मी परकराची नाडी जरा सैल बांधायचे, पुढे आणखी जरा, आणि वरून साडी. बाळंतपणानंतर सुटलेलं पोट म्हणून मीही सोडून दिलं, घरानंही. साखर कधीपासून होती, कुणाला ठाऊक नाही.

नळ्या बारीक आहेत, ठिकठिकाणी बंद आहेत. बायपास होण्यासारखी नाही म्हणाले. दुसरीकडे दाखवलं, तिथंही तेच. गोळ्या घेते. न्हाणीपर्यंत गेलं तरी धाप लागते, पाय सुजतात. दाजी रोज नव्या डॉक्टरचं नाव घेऊन येतात, मी हो म्हणते. त्यांनाही कळून चुकलंय. मला फार भीती वाटते रे.

सायलीला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून तिच्यासमोर बसूनच हे लिहिते आहे. मामाला लिहिते म्हटल्यावर तिला बरं वाटलं. आईला मी अजून पित्तच सांगते.

तू कमर मोज. उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर साखर आणि रक्तदाब तपासून घे. तू जाशील असं मला वाटत नाही. लहानपणापासून बघते आहे, सांगितलेलं ऐकणं तुझ्या रक्तात नाही, अण्णांच्याही नव्हतं. मीही अण्णा गेल्यावर स्वतःला कुठं तपासलं? तुला तेवढं सुनावलं.

आईनं अण्णांना पोचवलं. आता मला पोचवेल. तिसऱ्यांदा तिला ते करायला लावू नकोस, एवढंच मागते.

आता भांडायला बळ न उरलेली,
तुझी ताई