अळणी सुट्टी

धुळे, १० जून २०२४

ती. लताअक्कांस,
कामिनीचा शि. सा. न.

फोनवर बोलले तर तोंडून नको ते जाईल, म्हणून लिहिते. मयुरी दवाखान्यात आहे. तुमच्याकडून सुट्टी संपवून आली ती पेंगतच. काल मी देवपूजेला बसले असताना तिला झटका आला. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ एकशेपंधरावर आलंय, एकशेपस्तीस तरी हवं. थायरॉईडची गोळी दीड महिना बंद, म्हणून अंगात पाणी साठून मीठ पातळ झालं. वरून तुमचा मारुतीला नवस : तोंडावरची सूज उतरेपर्यंत पोरीला अळणी जेवण आणि तांब्या-तांब्या जवाचं पाणी! नवस तुमचा, तर अळणी तुम्ही खायचं होतं. गोळ्यांची डबी भरलेलीच परत आली. कोणाला विचारून बंद केल्या?

लोभ नंतर मागेन. आधी उत्तर द्या.

कामिनी

नशिराबाद, १३ जून

चि. सौ. कामिनीस,
अ. उ. आ.

विचारायचं कोणाला? डबी हातात देताना तूच म्हणालीस, ताकदीच्या गोळ्या आहेत. ताकदीचं औषध उन्हाळ्यात उष्ण पडतं म्हणून थांबवलं. सूज आली की आमच्याकडे मीठ तोडतात; बाळंतपणात मलाही तेच केलं. थायरॉईड हा शब्द मी तुझ्या पत्रात वाचला! पोर जन्मापासून औषध घेते आणि सख्ख्या आत्याला ठाऊक नाही, आजीलाही नाही. माझाच भाऊ, पण हेमराज आता कुठे फोनवर कबूल झाला, तूच त्याला बोलू देत नव्हतीस. का, तर पुढे लग्न अडेल! आठ वर्षांच्या पोरीचं! मी चुकले, पण एकटी नाही. तिचं मीठ किती झालं ते आधी कळव.

शिव्या दे, पण पत्र बंद करू नकोस.

लताअक्का

धुळे, १७ जून

ती. अक्कांस,
शि. सा. न.

एकशेचौतीस. हळूहळू चढवलं. गोळी सुरू आहे. आज उपमा मागितला आणि फिका म्हणून नर्सबाईंशी भांडली.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तरी राग जात नाही. लेकरू दिवसा पेंगतंय दिसल्यावर एक फोन करायचा होता! उरलेला राग माझ्यावरच आहे, तो कोणाला लिहू?

काल सासूबाई चाळीसगावहून आल्या. त्यांना सगळं सांगितलं. पुढे पोरीचं कसं व्हायचं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, गोळी चुकली की काय होतं ते समोर पलंगावर बघा. नाही चुकली तर पोरगी चारचौघींसारखीच. आज सकाळी मात्र गोळीची वेळ त्यांनीच मला विचारली.

तुमच्या घरी तुम्ही सांगा. माझ्या माहेरी, चोपड्याला, मी जाऊन सांगते. तिथेही ताकदीच्याच गोळ्या म्हणून सांगून ठेवलंय.

रागासकट तुमचीच,
कामिनी