सुटलेल्या न्यूट्रॉनची मोजदाद

तीर्थरूप आईस थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. खोलीची खिडकी आता नीट लागते, तेव्हा माझ्या सर्दीची काळजी नको. तुझ्या पायांची सूज उतरली का? वहिनीला खरं काय ते लिहायला सांग.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला, एकोणीस तारखेला, मला येता येणार नाही. चूक माझीच आहे.

आम्ही प्रयोगात वापरतो त्या अणूच्या केंद्रकाच्या कडेला एक न्यूट्रॉन जेमतेम टिकून असतो. यंत्रातून वेगाने सोडलेलं ते केंद्रक कागदाहून पातळ पत्र्यावर आदळतं, तेव्हा पत्र्यातलं केंद्रक तो न्यूट्रॉन किती वेळा घेतं, ते आम्ही मोजतो. पण कधी नुसत्या धक्क्यानेच तो सुटतो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. असे सुटलेलेही मी घेतलेल्यांत मोजले. बत्तीस वर्षं हेच काम करून!

आमचे साहेब म्हणाले, "बाई, कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"माझ्या आलं ना," मी म्हटलं.

आता सगळं पुन्हा मोजायचं. यंत्र मिळतंय ते अठरा ते बावीस, त्यानंतर वर्षभर नाही.

थकले आहे गं. पण मी रडले तरी वाकडी शिवण तू मला उसवायला लावायचीस, तेव्हा आता तूच रागावू नकोस.

ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. वहिनीचा हात धरून आत जा, दाराकडे बघत बसू नकोस. मी तेवीसला निघते. नव्या डोळ्याने मला बघशील, तेव्हा केस किती पिकलेत ते मात्र बोलून दाखवू नकोस.

तुझीच हट्टी,
थोरली