अठ्ठेचाळीस तासांचं कुलूप

३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दुकानातला दिवा अधू झाला म्हणून तुम्ही तिसरा बल्ब बदललात, असं मागच्या पत्रात होतं. आता घड्याळातले स्क्रू दिसतात का? नसतील तर चौथा बल्ब मी पाठवते.

सोबतच्या डबीतलं घड्याळासारखं दिसतं ते घड्याळ नाही, पाणबुड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर आहे. आपण किती खोल आहोत, अंगात नायट्रोजन किती मुरला, वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं, हे तो सांगतो. नवा परवडेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी एका पाणबुड्याकडून जुना घेतला. त्याने धंदा सोडलाय, आता फरशा विकतो. वापरायची पुस्तिका आहे, पण मला वाचायला वेळ कुठला!

बिघाड असा: वर आलं की हा पठ्ठ्या ओरडतो आणि स्वतःला अठ्ठेचाळीस तासांचं कुलूप लावून घेतो. मग खोली आणि वेळ एवढंच दाखवतो, बाकी तोंड बंद. त्याचंही काही नाही, पण ते अठ्ठेचाळीस तास संपतच नाहीत! तिसापर्यंत उतरतात आणि पुन्हा अठ्ठेचाळीस. आकडा अडकतोय हे उघड आहे.

समुद्राखालच्या पाइपाचे सांधे तपासायचं काम महिनाअखेर पुरं झालं, तर मला कायम करणार आहेत. मुकादम म्हणतो, या यंत्राचं रडगाणं बंद करून आण. तेव्हा मामा, कुलूप तेवढं काढून द्या. नोंदींत काही भयंकर बुड्या दिसतील, त्या जुन्या मालकाच्या; तारखा बघा, काही वर्षांपूर्वीच्या आहेत. मी आपली दहा-बारा मीटरवर असते. यंत्र येईपर्यंत साध्या घड्याळावर भागवतेय.

बाकी सगळं छान. उजवं कोपर तेवढं आखडलंय, हात अंगाखाली घेऊन झोपले असणार.

यंत्र दुरुस्त होवो न होवो, भाचीवरचा लोभ चालू ठेवा.

तुमची,
पाणकोंबडी

---

१० फेब्रुवारी

चि. पाणकोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

डबी सहा तारखेला मिळाली. कुलूप निघालं आहे. ते मी काढलं नाही. डबी उघडली तेव्हा ते आपोआप उघडलेलंच होतं. टपालाच्या थैलीत यंत्राला तीन दिवस कुणी पाण्यात बुडवलं नाही, एवढाच काय तो इलाज झाला.

पुस्तिका आम्ही वाचली. सांगितलेले थांबे चुकवून वर आलं की कुलूप लागतं, आणि कुलूप असताना पुन्हा बुडी मारली की अठ्ठेचाळीस तास पहिल्यापासून मोजले जातात. म्हणजे आकडा अडकत नव्हता, बाईसाहेब पाण्यात उतरत होत्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात इतकं निर्दोष यंत्र माझ्या टेबलावर आलेलं नाही.

आता जुन्या मालकाविषयी. तुला माझी रीत माहीत आहे. कुठल्याही घड्याळाला हात लावण्याआधी ते काय दाखवतं आणि भिंतीवरचं घड्याळ काय दाखवतं, हे मी चिठ्ठीवर मांडतो. तुझं यंत्र तीन वर्षं, दोन महिने आणि सहा दिवस मागे आहे. तारीख लावायचे कष्ट तू घेतले नाहीस. ती तफावत मिळवली, की जुन्या मालकाची चोवीस नोव्हेंबरची ती भयंकर बुडी येते बरोबर यंदाच्या तीस जानेवारीला. त्या दिवशी तो चार वेळा उतरला, शेवटच्या वेळी एकतीस मीटर, आणि कुठेही न थांबता दोन मिनिटांत वर आला. फरशा विकता विकता त्याला हे कसं जमलं, याचं मला कौतुक वाटतं.

हा हिशेब लावायला मला चार दिवस लागले, आणि आज सकाळी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, घाईने वर येणाऱ्यांच्या दुखण्यांत, सांधेदुखी हा शब्द आला. तेव्हा तुझं कोपर आठवलं. मामीने लगेच फोन केला, तर म्हणे तू हसलीस आणि कामात आहे म्हणालीस. फोनवर तुला खोटं बोलणं फार सफाईने जमतं. म्हणून यंत्र, चिठ्ठी आणि हे पत्र खास माणसाबरोबर पाठवतो आहे. तो तुला पाणबुड्यांच्या डॉक्टरच्या दारात सोडल्याशिवाय परतणार नाही. कायम व्हायचं नंतर बघू. आधी तू शिल्लक राहा.

काळजीने अर्धा झालेला,
मामा

ता. क. मी मामी. पत्रातल्या ओळी उतरणीला लागल्यात, त्या यांच्या. चार दिवस का लागले ते हे लिहिणार नाहीत. यंत्रावरचे आकडे मी एकेक करून वाचून दाखवले, पुस्तिका मी वाचली, तुझं पत्रही मीच. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टर दोन वर्षं ऑपरेशन सांगतायत आणि हे बल्ब बदलतायत.

---

१७ फेब्रुवारी

ती. मामांस आणि सौ. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र नर्सताई लिहून देत आहेत, उजव्या हाताला सध्या सुट्टी आहे. मला एका लोखंडी खोलीत घालून, आतली हवा दाबून, पुन्हा खोल नेतात आणि तासन्‌तास लावून हळूहळू वर आणतात. यंत्र हेच वीस मिनिटांत करायला सांगत होतं, तेव्हा मला घाई होती.

डॉक्टरांनाही मी आधी झोपेचंच सांगितलं. त्यांनी नोंदी पाहिल्या आणि या बुड्या कुणाच्या विचारलं. मी फरशीवाल्याला पुढे करणार, तेवढ्यात तुमची चिठ्ठी डबीतून टेबलावर पडली. मग कोपराचं खरं काय ते सांगितलं.

मुकादमाने माझ्या जागी दुसरा माणूस घेतला. रडले. हे नर्सताईंना लिहू नका म्हटलं होतं, त्यांनी लिहिलं. कोपर सुटलंय, दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, आठवडाभर आधी आली असतीस तर बोटांची काळजी नव्हती.

चौथा बल्ब पाठवत नाही. त्याऐवजी तुमच्या ऑपरेशनची तारीख कळवा. तोवर लोभ माझ्याकडून बंद, असं समजावं.

तुमची कोरडी,
पाणकोंबडी

---

५ मार्च

चि. पाणकोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

ऑपरेशन झालं. परवा पट्टी काढली. दुकानातला दिवा अगदी ठणठणीत आहे, उलट डोळ्यांवर येतो. तिन्ही जुने बल्बही चांगले निघाले. मामी ते येईल त्या गिऱ्हाइकाला लावून दाखवते.

तुझं मागचं पत्र नर्सने लिहिलं आणि मामीने वाचलं. आपल्या दोघांचं पत्र, आणि आपण दोघांनीही त्याला हात लावला नाही. म्हणून काल तुझं पहिलं, तीन फेब्रुवारीचं पत्र काढून बसलो. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

तुझं अक्षर मी तुला पाटीवर गिरवून शिकवलंय. शिरोरेघ तू नेहमी पट्टीने ओढावी तशी ओढायचीस. या पत्रात एकही रेघ धड नाही. पहिल्या पानावर त्या थरथरतात, दुसऱ्यावर तुटतात, आणि सही करताना तुला पेन धरवत नव्हतं. मामीला वाटलं तू घाईत लिहिलंस. मला तसं वाटलं नसतं. डबी न उघडताच मी तुला डॉक्टरकडे धाडलं असतं.

सहा फेब्रुवारीला हे पान मी दिव्याखाली धरलं होतं. दिसेना, म्हणून बल्बला शिव्या दिल्या आणि मामीकडे दिलं.

तेव्हा यंत्रावरून तुला जे जे बोललो ते परत घेतो. आता एक कर. पुढचं पत्र स्वतःच्या हाताने लिही, चार ओळींचं चालेल, वाकडं चालेल. यावेळी मी ते कुणाकडून वाचून घेणार नाही.

तुझ्या रेघांची वाट पाहणारा,
मामा