पहिल्या ओळीपासून नावापर्यंत

सर, तुमच्या वर्गापेक्षा तुमचं स्वयंपाकघरच मला जास्त आठवतं. पालघरच्या बाजारामागचं ते घर, मागच्या दाराशी शेवगा, काकू भाकऱ्या थापताहेत आणि पाटावर बसून तुम्ही मला विचारताय, "मुंबईला जाऊन नक्की काय करतोस रे तू?" साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला मोठं बांधकाम चाललं होतं, बोईसरच्या फलाटावर हिंदी कानावर पडू लागली होती, आणि मी मुंबईच्या एका कचेरीत संगणकासाठी प्रोग्राम लिहायला शिकत होतो. प्रोग्राम म्हटल्यावर तुम्हाला गॅदरिंगचा कार्यक्रम आठवला. काकू म्हणाल्या, उद्या मुलीकडचे विचारतील, तेव्हा आमाला सांगता यायला पाहिजे, नीट सांग.

मग मी नीट सांगितलं. बोईसरच्या एका ठेकेदाराच्या गोदामातलं सगळं सामान आमच्याकडे चुंबकीय फितीवर नोंदलेलं असायचं. त्यातल्या एखाद्याच पंपाची नोंद हवी असली, तरी फीत सुरुवातीपासून फिरवायची. प्रोग्राम पहिली नोंद वाचतो, हीच का म्हणून ताडून बघतो, नसली तर पुढची. मध्येच उडी मारायची सोय नाही. तुम्ही हसत सुटलात. "म्हणजे शाळेत तू होतास तसंच की. तिसरं कडवं म्हण म्हटलं की पहिल्यापासून पुटपुटत यायचास." मी जरा खट्टू झालो आणि नोंदी ठेवायच्या नव्या चुंबकीय तबकड्यांची फुशारकी मारली. त्या त्याच वर्षी कचेरीत आल्या होत्या. नोंदीचा पत्ता द्यायचा, की यंत्राचा हात थेट तिथेच जाऊन थांबतो, आधीचं काही वाचावंच लागत नाही. "आणि पत्ता हरवला तर?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, नोंद असते जागच्या जागी, पण आपल्याला तिच्यापर्यंत जाता येत नाही. फितीवर मात्र पहिल्यापासून निघालं की ती उशिरा का होईना, भेटतेच. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तुम्ही स्वतःशीच म्हणालात, "उशिरा का होईना, भेटतेच." तुम्हाला फीत आवडली, हे मी ओळखलं.

पुढचा पावसाळा सरला आणि तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. मी आलो तेव्हा तुम्ही त्याच स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून. उजवा हात गेला होता आणि शब्द गेले होते. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं. एरवी काकूंना 'अगं ए' म्हणून हाक मारायचात. आता वाटीवर चमचा वाजवत होतात. काकू म्हणाल्या, "सारखे माझ्याकडे बघतात, ओठ हलवतात. काय हवं हाय तेच कळत नाय." मी विचारत सुटलो. पाणी? पंचा? चष्मा? प्रत्येक वेळी तुम्ही मान हलवायचात, मग चिडायचात, मग तुमचे डोळे भरायचे. आपण एकामागून एक चुकीचे पत्ते देतोय, असं मला वाटत राहिलं.

शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी शाळेतली नदीची कविता म्हणायला लागलो, अगदी पहिल्या ओळीपासून. दुसऱ्या ओळीला तुम्ही सामील झालात. सर, तो तुमचा ळ, तो खणखणीत ळ! चारही कडवी आपण एका सुरात म्हटली. काकू पिठाच्या हातांनी उभ्याच राहिल्या. कविता संपली आणि तुमचे शब्द पुन्हा नाहीसे झाले. आत सगळं होतं तर. सुरुवातीचं टोक कुणीतरी हातात द्यायला हवं होतं. पण तुम्हाला जे म्हणायचं होतं ते नदीच्या कवितेत नव्हतं. मी दुसऱ्या कविता म्हणून पाहिल्या. तुम्ही इमानदारीने माझ्याबरोबर म्हणत गेलात आणि शेवटाला पुन्हा काकूंकडेच बघत राहिलात.

काकू खाली बसल्या. पिठाचे हात पदराला पुसत मला म्हणाल्या, "तू जरा तिकडे बघ." मी शेवग्याकडे तोंड फिरवलं. मागून त्यांचा आवाज आला, नव्या नवरीसारखा दबलेला: "सूर्येच्या काठाने..."

"फुलला पांढरा कुडा," तुम्ही म्हणालात. आणि न थांबता पुढच्या ओळीत पाऊल टाकलंत. त्या ओळीच्या तोंडालाच त्यांचं नाव होतं. मासवणला, सूर्या नदीच्या काठी, लग्नाच्या मांडवात, तुम्ही स्वतः जुळवलेला उखाणा होता तो. पुढे हिरव्या चुड्याचं काहीतरी होतं म्हणे, पण तुम्ही तिथवर गेलाच नाहीत. नावावरच थांबलात आणि तेच पुन्हा म्हणालात. त्या घरात इतकी वर्षं आलो-गेलो, पण काकूंचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"हाय," काकू म्हणाल्या. "इथंच हाय मी."

तुम्ही जाईपर्यंत त्या रोज तुम्हाला ती पहिली ओळ देत होत्या, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

माझ्या लग्नात बायकांनी दार अडवलं, तेव्हा मी उखाणा घेतला नाही. नुसतं नाव सांगितलं आणि उंबरा ओलांडला. सगळ्या हसल्या. मला वाटलं, आपण नव्या काळाचे, थेट जाणारे. आता ऐंशीच्या घरात आलोय आणि नावं निसटायला लागलीत. आधी वाण्याचं, मग भाच्याचं. परवा ही समोर बसून वालाच्या शेंगा सोलत होती, आणि हिला हाक मारायला तोंड उघडलं तर नावच येईना. आलं, थोड्या वेळाने आपणहून आलं. पण मी फार घाबरलो, सर. त्या नावाच्या आधी मी काहीच बांधून ठेवलेलं नाही.

म्हणून या वयात एक उखाणा जुळवलाय. तिच्या माहेरावरून, सफाळ्याच्या भातखाचरांवरून. दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त होते, तुम्ही तांबड्या पेन्सिलीने खूण केली असतीत, पण ती काढली तर नाव नीट बसत नाही. रोज आंघोळीच्या वेळी म्हणतो, पहिल्यापासून. हे पत्र टपालात पडणार नाही, आणि तिला दाखवायचा धीरही होत नाही. काल तिने बाहेरून विचारलं, "रोज काय हो पुटपुटता आत?"

शाळेतली कविता, म्हणालो.